विमान सव्वा तासाचे, प्रवास साडेचार तासांचा

9 ऑक्टोबर 2021 रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईपासून सरळ रेषेत अंतर सुमारे 350 किलोमीटर. 70 आसनी विमानाला साधारण सव्वा तास पुरतो. ही बाब आनंदाचीच. मात्र व्यापाऱ्याने वेळेचा हिशेब दुकानाच्या दारापासून धरावा, असे आम्हाला वाटते.

कोपरीहून मुंबई विमानतळ गाठायला एक तास, तेथे दीड तास आधी हजेरी आणि चिपीहून कुडाळच्या बाजारात जायला पाऊण तास. एकूण साडेचार तास झाले. ठाण्याहून रेल्वेने कुडाळला सात-आठ तास लागतात. म्हणजे वाचले ते फक्त तीन तास!

शिवाय सामानाचे काय? विमानात साधारण 15 किलो, रेल्वेच्या स्लीपर डब्यात 40 किलो मोफत. नमुन्यांची पेटी घेऊन निघणाऱ्या कारागिराला हा फरक परवडणारा नाही.

छोट्या विमानतळांवर फेऱ्या नियमित असाव्यात, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता यावे आणि मालाला रास्त दरात जागा मिळावी, ही आमची मागणी आहे. तोवर सौदा पक्का करायचा असेल तर विमान पाहावे. माल न्यायचा असेल तर रेल्वेच बरी.