तांड्याची बोली

उमरीहून निघालेली रेल्वे धर्माबाद ओलांडून तेलंगणात शिरते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना बंजारा तांडे आहेत. गोरबोली ही बोली एक, संत सेवालाल महाराज एक, होळीला गायची लेंगीही एक. तरी इकडे महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जाती, पलीकडे अनुसूचित जमाती आणि कर्नाटकात अनुसूचित जाती! बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या या समाजाचा व्यापार रेल्वेने बुडवला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने वर गुन्हेगारीचा शिक्का मारला. वर्गवारीचा न्याय मागायलाच हवा. पण आम्हाला त्याहून मोठी काळजी गोरबोलीची वाटते. तिला स्वतःची लिपी नाही, शाळेत जागा नाही. आईबाप ऊसतोडीला गेले की आजीच ती नातवंडांना देते. तांड्यावरच्या तरुणांनो, आजीच्या लेंग्या देवनागरीत उतरवून पाठवा. आम्ही छापू.