एका अक्षरावाचून

आमच्या मुधोळात घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि पोत्यावर इंग्रजी अशी त्रिस्थळी यात्रा नित्याचीच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख नांदेडकडून आदिलाबादकडे आला, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडतो. चुलीपुढची भाषा मात्र हलली नाही. त्यामुळे आमचे जुने विद्यार्थी खताची, खाद्याची पोती वाचून घ्यावयास आमच्याकडे येतात, आणि आम्हीही, न विचारलेला सल्ला दोन ओळी जास्तीचा देतो.

असाच एक जण गतवर्षी आला. कर्ज काढून त्याने शेतातल्या तळ्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले होते. कोल्लेरूकडील रीतीप्रमाणे भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड भोके पाडलेल्या पोत्यांत भरून तो बांबूंना टांगीत असे. मासे मनाजोगे वाढत नव्हते. आम्ही एम. ए. मराठीचे, तरी मोठ्या अधिकाराने सांगितले, "पेंडीत प्रथिने असतात. पेंड वाढव."

त्याने वाढविली. पुढे एका ढगाळ पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन आ वासू लागले. रात्रभर पंप चालवून ताजे पाणी खेळविले म्हणून बरेच वाचले. तरी टोपलीभर मासे बांधापलीकडे पुरावे लागले. "गुरुजी, पेंड तर तुम्ही सांगितली तशीच वाढवली होती," एवढेच तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य आम्हांस लागले. त्यानंतर आम्ही वाचावयास बसलो, आणि जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथिन म्हणजे एकच वस्तू नव्हे. तो अमिनो आम्लांचा जुळविलेला मजकूर होय. जुन्या छापखान्यातील कंपोझिटर आठवावा. खणात बाकीची सारी अक्षरे ढिगाने असली, पण 'म'चे खिळे संपले, तर 'मासा' हा शब्द जुळत नाही. माशाला अशी दहा अमिनो आम्ले अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांत लायसिन आणि मेथिओनिन ही वनस्पतिज खाद्यात बहुधा प्रथम तुटतात. शरीरात प्रत्येक प्रथिनाची जुळणी मेथिओनिनपासूनच आरंभते, जणू पत्राच्या माथ्यावरील 'श्री'!

आता हिशेब पाहू. सायप्रिनस या कार्प माशाला प्रथिनांच्या १०० भागांत सुमारे ५.७ भाग लायसिन लागते. शेंगदाण्याच्या प्रथिनात ते सुमारे ३.५ भागच असते. म्हणजे दहा मापांतील जेमतेम सहा मापे मांस घडविण्याच्या कामी येणार. उरलेले खिळे साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. ते जाळले जातात, आणि त्यांतील नत्र अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात उतरते. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते, प्राणवायू खाते. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात. म्हणून संकट पहाटेच येते. आमच्या सल्ल्याने पैसाही गेला आणि पाणीही नासले.

यावर उपाय ढीग वाढविणे हा नव्हे, तुटलेले अक्षर पुरविणे हा होय. खाद्यातील प्रथिन दोन-तीन टक्क्यांनी उतरवून लायसिन व मेथिओनिन वरून मोजून घातल्यास वाढ राखता येते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या आजीने हेच शास्त्र ताटात मांडले होते. भाताला लायसिन कमी, डाळीला मेथिओनिन कमी. वरणभातात एकाची उणीव दुसरा भरून काढतो. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन बरे असते, मेथिओनिन तोकडे. म्हणून एकाच पेंडीवर विसंबू नये.

मात्र भुकटी आणून तळ्यात उधळणे हा शुद्ध अपव्यय. ही द्रव्ये पाण्यात विरघळून जातात. शिवाय कार्प माशांना जठर नसते. सुटी अमिनो आम्ले रक्तात आधी पोहोचतात, पेंडीतली मागाहून. वरण वाढून पंगत उठावी आणि मग भात यावा, तशी गत होते. यास्तव ती खाद्याच्या गोळीत बांधलेली वा आवरण दिलेली असावीत, आणि खाद्य एकदम न देता दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे द्यावे. ढगाळ दिवशी, अथवा मासे वर येऊ लागताच, खाद्य थांबवावे हे उत्तम.

परवा तो पुन्हा आला. या खेपेस पोत्यावरील लेबल आम्ही दोघांनी मिळून वाचले. केवळ प्रथिनाच्या टक्क्यावर न थांबता लायसिन, मेथिओनिन हे शब्द कोठे छापले आहेत ते त्यानेच बोटाने दाखविले. कर्ज अजून फिटावयाचे आहे. जाळे ओढल्यावाचून हिशेब कळणार नाही.

चाळीस मुलांच्या वर्गात एखादे मूल मागे पडले की आम्ही साऱ्या वर्गालाच गृहपाठ वाढवून देत आलो. त्या मुलाला कोणते अक्षर येत नाही, हे किती वेळा पाहिले? मासे पुरलेला तो बांध आठवला की हा प्रश्न आम्हांस पडतो. असो.