अमेरिकेतील नवे ग्रंथ आणि आपल्या घरची पेटी



१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला व तो कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केला. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील थोर कृष्णवर्णीय विद्वान ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आजही जपलेले आहे. अमेरिकेतील पददलितांच्या इतिहासाशी आपले नाते इतके जुने असल्याने, तिकडे आज कोणते ग्रंथ निघत आहेत याची वार्ता आपल्या घरी आली पाहिजे. अशा दोन ग्रंथांविषयी येथे सांगावयाचे आहे.

पहिला ग्रंथ टाया माईल्स या कृष्णवर्णीय इतिहासकार विदुषीचा ‘ऑल दॅट शी कॅरिड’. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. त्याचा विषय काय असावा? एक कापडी पिशवी! दक्षिण कॅरोलिना प्रांतात रोझ नावाच्या गुलाम मातेची नऊ वर्षांची ॲशली नावाची मुलगी विकली गेली. ताटातुटीच्या वेळी मातेने तिच्या हाती ही पिशवी दिली. आत एक फाटका झगा, पेकन या फळाच्या बियांच्या तीन मुठी आणि स्वतःच्या केसांची एक वेणी होती. १९२१ साली ॲशलीची नात रूथ हिने ही हकिगत सुईदोऱ्याने त्याच पिशवीवर भरतकाम करून लिहिली. मळेवाल्यांच्या वह्यांत गुलामांची नावे गुराढोरांसारखी किमतीसह मांडलेली सापडतात. परंतु मातेच्या हृदयात काय होते, हे त्या वह्या सांगत नाहीत. ते त्या पिशवीने सांगितले.

दुसरा ग्रंथ आपल्याच मातीतला आहे. सिनसिनाटी विद्यापीठातील इतिहासाच्या प्राध्यापिका शैलजा पाईक या तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पोहेगावच्या दलित कुटुंबातील कन्या. त्यांचा ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हा ग्रंथ २०२२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तमाशात नाचणाऱ्या दलित स्त्रियांचा हा इतिहास आहे. ज्या समाजाने त्यांना फडावर उभे केले, त्यानेच त्यांना अश्लील ठरविले. आणि त्या स्त्रिया माणुसकीसाठी कशा झगडल्या, हे त्यात दाखविले आहे. २०२४ साली पाईक यांना मॅकआर्थर फेलोशिपचा बहुमान मिळाला.

आता आपल्या घराकडे वळू. आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. बावीस प्रतिज्ञांचे पालन करून देव्हारा रिकामा केला, हे योग्यच झाले. तथापि देवांच्या तसबिरींबरोबर कित्येक घरांतून महारवतनाचा कागद, आजीचा कुंकू लावलेला फोटो, आजोबांची गाण्याची वहीही रद्दीत जाते. “ती लाजिरवाणी जुनी घाण कशाला ठेवायची?” असे आपली शिकलेली मुले विचारतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, लाज वाटावयाचीच तर ती ज्यांनी अन्याय केला त्यांना वाटावी. आपण धर्म टाकला आहे, पुरावा टाकलेला नाही. रोझची पिशवी कोणा नातीने चिंधी म्हणून फेकली असती, तर गुलाम मातेच्या वतीने साक्ष कोणी दिली असती?

नाशिक जिल्ह्यातील आपल्या लोकांवर तर ही जबाबदारी विशेष आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह येथे सुरू झाला. धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी बाबासाहेबांची पत्रे जपली, म्हणूनच ती पुढे छापली गेली. भीमराव कर्डकांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यात समाजजागृतीचा आशय भरला व गावोगाव जलसे केले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. पुढाऱ्यांची नावे राहिली. पण सत्याग्रहात उभ्या राहिलेल्या तुमच्या पणजीचे नाव कोठे आहे? ते तुमच्या घरातील वृद्धांच्या तोंडी आहे, आणि त्यांच्याबरोबरच ते जाईल.

म्हणून तीन गोष्टी करा. जुन्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहा. कागद ओल लागणार नाही अशा जागी सुती कापडात बांधून ठेवा. रविवारी वंदनेनंतर घरातील वडीलधाऱ्यांना बोलते करा व ते सांगतील तसे उतरवून घ्या. इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांनी वरील ग्रंथ वाचून विहारात मराठीतून सांगावेत, म्हणजे इतिहास कसा लिहितात हेही कळेल.

एकदा मुलाबाळांसह त्रिरश्मी लेण्यांवर जा. तेथे गौतमी बलश्रीसारख्या राजमातेचा लेख आहे. तेथेच मुगुदास नावाच्या एका सामान्य माणसाचाही लेख आहे. अभ्यासक त्याला कोळी मानतात. त्याने सहपरिवार लेणे दान केले आणि ते दगडावर कोरून ठेवले. सुमारे दोन हजार वर्षांनंतर आपण त्याचे नाव वाचतो, ते त्याने लिहवून ठेवले म्हणून. त्याने दगडावर केले, ते आपल्याला निदान कागदावर तरी करता येणार नाही काय?

जय भीम!