खेळाचा तास

आमच्या खानदेशांतील सुशिक्षित घरांत मुलाच्या अभ्यासाची चौकशी आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सारे करितात. ‘आज किती धांवलास?’ असें पुसणारें माणूस मात्र विरळा. रथसप्तमीस शाळांतून सामुदायिक सूर्यनमस्कार होतात, २१ जूनला योगदिन होतो, छायाचित्रें निघतात. आणि दुसरे दिवशीं मुलें पुन्हां शिकवणीच्या बाकावर. वर्षांतून दोनदां जेवून कोणी पुष्ट झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

घरांतील वडील मंडळी कधीं कधीं वाग्भटाचा आधार काढतात. बाल, वृद्ध व अजीर्णी यांनीं व्यायाम वर्ज्य करावा, असें अष्टांगहृदयांत आहे खरें. परंतु सुश्रुतानें व्यायामाची व्याख्या शरीरास आयास देणारें कर्म अशी केली आहे. आणि बलवानानेंही तो अर्ध्या शक्तीनेंच करावा, असें वाग्भटच सांगतो. तेव्हां माझ्या मतें निषेध आहे तो अतिश्रमाचा, खेळण्याचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें चांगली हालचाल आवश्यक ठरविली. शाळेंत जाणाऱ्या ११ ते १७ वयाच्या मुलांपैकीं जगांत शेंकडा ८१ जणांची तितकी हालचाल होत नाहीं, असें तिच्याच २०१९ च्या पाहणींत आढळलें.

महाराष्ट्रास हा विषय नवा नाहीं. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ दाखविले. पण मला अधिक मोल वाटतें तें दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराच्या एका कामाचें. १९२५ पासूनच्या या संस्थेंत उदय देशपांडे यांनीं अंध मुलांस मल्लखांब शिकविला. बळकट मुलाला आणखी बळकट करणें सोपें. जें मूल नेहमीं कडेला उभें राहतें त्याला हात देणें, हें खरें सार्वजनिक कार्य.

चाळीसगांवांत याला मोठी इमारत नको. एका आळींतील दहा-बारा मुलें, लगोरी, खो-खो, आट्यापाट्या, आणि लक्ष ठेवण्यास एक निवृत्त गृहस्थ. आमचा उन्हाळा कठीण. चैत्र-वैशाखांत सकाळीं साडेसहाला आरंभ करून ऊन चढण्यापूर्वीं मुलें घरीं यावीं. एरवीं सायंकाळचे पांच ते सहा राखावे, आणि शिकवणीवाल्यांस तो तास मागूं देऊं नये. महिन्यांतून एकदां पाटणादेवीस न्यावें. तेथें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख आहे. गणितांत दोन गुण उणे पडतांच शिक्षक बदलणाऱ्या किती पालकांनीं मुलांसह ती डोंगरवाट चालून पाहिली आहे, कोण जाणे!

मुलींविषयीं स्पष्ट लिहितों. मुलगा खेळावयास गेला तर कोणी विचारीत नाहीं. दहा-बारा वर्षांची नात निघाली कीं नेमकी भाजी निवडावयाची आठवते. हाडें बळकट होण्याचें तिचें वय तेंच, आणि पुढें बाळंतपणें तिलाच सोसावयाचीं आहेत. ती मेथीची जुडी त्या तासांत आजोबांपुढें ठेवावी. आम्हां निवृत्तांचे हात तसेही वर्तमानपत्राखेरीज रिकामेच असतात.