आधी फोडायचं, मग मोजायचं!

मावशी, पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तू तुरटी फिरवायचीस, आठवतंय? थोड्या वेळाने गाळाचे पुंजके होऊन तळाशी बसायचे. खाडीत तुरटीचं काम समुद्राचं मीठ करतं. नदीतून आलेले चिकणमातीचे कण खारं पाणी लागलं की एकमेकांना चिकटतात.

आता माझा वैताग. परवा एका खाडीतल्या गाळाचा अहवाल हाती पडला. (कोणाचा ते विचारू नका.) गाळ बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला, त्यात सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून कण न् कण सुटा केला, आणि मग त्या सुट्या कणांवरून गाळ किती वेगाने बसेल याचं गणित! अहो, लाडू कुस्करून बेसन उधळायचं, ते किती हळू खाली येतं ते बघायचं, आणि सांगायचं की लाडू पडायला इतका वेळ लागतो!

गाळात कसली माती आहे हे कळायला ही पद्धत ठीकच आहे. पण २ मायक्रॉनचा सुटा कण स्टोक्सच्या नियमाने एक मीटर खाली जायला साधारण ३ दिवस घेतो. सेकंदाला १ मिलीमीटरने बसणारा पुंजका तेच अंतर १७ मिनिटांत कापतो. भरती संपून पाणी जरा थबकतं, तेवढ्यात तो तळाला. म्हणजे कागदावर गाळ समुद्रात वाहून गेला, आणि प्रत्यक्षात धक्क्यापाशी साचला. उपसायचं बिल कोण भरणार?

बरं, दुसरा मार्ग नाही असंही नाही. इंग्लंडात फेनेसी, डायर आणि हंटली यांनी १९९४ मध्येच 'इन्सेव्ह' या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. ते खाडीच्या तळाशीच ठेवतात. पाणी अलगद आत घेऊन शांत होऊ द्यायचं, थोडे पुंजके खालच्या नळीत पडू द्यायचे आणि पडताना त्यांचं चित्रीकरण करायचं. आकारही कळतो, वेगही, आणि त्या दोन्हींवरून घनता. टेमर नदीच्या खाडीत त्यांनी भरती-ओहोटीच्या एका पूर्ण फेऱ्यात अशी मोजणी केली. पुंजके इतके नाजूक असतात की पिपेटने ओढले तरी मोडतात, म्हणून हा सारा खटाटोप.

खर्चिक आहे, मान्य. मग निदान 'हा वेग सुट्या कणांचा आहे' एवढं तरी लिहा ना!

त्या अहवालात वेगाला तीन दशांश स्थळं दिली आहेत. नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, ते मात्र कुठेच नाही. मी पत्र धाडलंय. उत्तर आलं की कळवीन.