उत्तर ९.८ आलेच पाहिजे का?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रयोगवहीत गुरुत्वत्वरणाचे उत्तर किती आले आहे, ते जरा पाहा. नेमके ९.८ मीटर/सेकंद² आले असेल, तर मला थोडी शंका येते! शेजारच्या बाकावरील मित्राचेही तेवढेच आले असेल, तर शंका उरतच नाही.

सूत्र सोपे आहे. वस्तू हातातून नुसती सोडली, की पडलेल्या अंतराच्या दुपटीला लागलेल्या काळाच्या वर्गाने भागायचे. आता २ मीटर उंचीवरून एक गोटी सोडा. तिला जमिनीवर पोचायला सुमारे ०.६४ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून विरामघड्याळाची कळ दाबताना ०.१ सेकंदाची चूक सहज होते. काळ ०.७४ सेकंद मोजला गेला, तर उत्तर येते ७.३, ०.५४ मोजला गेला, तर १३.७! काळाचा वर्ग होत असल्याने त्यातली चूक उत्तरात साधारण दुपटीने उतरते.

मग ७.३ लिहिणारा विद्यार्थी चुकला काय? माझ्या मते मुळीच नाही. त्याने उंची, दहा वेळा मोजलेले काळ आणि त्यांतील फरक जसेच्या तसे लिहिले असतील, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. कापायचेच असतील, तर ९.८ वरून उलटे गणित करून ०.६४ हा आकडा वहीत भरणाऱ्याचे कापावेत. शिक्षकांनीही ‘उत्तर बरोबर आले का?’ याऐवजी ‘चूक कुठून आली असेल?’ असे विचारून पाहावे.

कारण हा प्रश्न पुढचा रस्ता दाखवतो. सरळ पडणारा गोळा हाती असलेल्या साधनांनी मोजता येणार नाही, हे गॅलिलिओने ओळखले. त्याने तो उतरत्या फळीच्या खोबणीतून सोडला आणि काळासाठी बारीक धारेने साठलेल्या पाण्याचे वजन केले. हे वर्णन त्याच्या १६३८ सालच्या ग्रंथात आहे. तुमच्या घरी मोबाइल फोन असेल. गोटीच्या मागे मोजपट्टी उभी करून चित्रण करा. सेकंदाला ३० चित्रे मिळाली, तरी विरामघड्याळापेक्षा ती बरी.

आणि ९.८ तरी कुठे सगळीकडे सारखे आहे? विषुववृत्तावर ते ९.७८, ध्रुवांवर ९.८३, मुंबईत सुमारे ९.७९. गोटीच्या प्रयोगात हा फरक दिसणार नाही. एक मीटर लांबीच्या लंबकाची शंभर आंदोलने मोजलीत आणि लांबी मिलिमीटरपर्यंत अचूक घेतलीत, तर मात्र तुमचा आकडा ध्रुवावरचा नाही, एवढे नक्की सांगता येईल.