मध्येच थांबवलेल्या प्रयोगाची टक्केवारी

नवोपक्रमात आपण शिक्षक पूर्व, मध्य आणि उत्तर चाचणी घेतो. मध्य चाचणीतच मुलं चमकली की उपक्रम तिथेच आटोपतो आणि तीच टक्केवारी अहवालात जाते. मीही केलंय असं. माझ्या मते ती टक्केवारी फुगलेली असते.

मढला वर्गात एक खेळ घेतला. प्रत्येकाने नाणं 20 वेळा उडवायचं. पण पहिल्या 5 फेकींत 4 किंवा 5 छापे आले तर तिथेच थांबायचं. थांबलेल्यांचे छापे 80 नाहीतर 100 टक्के! नाणी मात्र साधीच. 4 छाप्यांवर थांबलेल्या पोराला पुढे उडवू दिलं असतं, तर उरलेल्या 15 फेकींत साधारण 7-8 छापे पडले असते. म्हणजे 20 पैकी 11-12, साठ टक्क्यांच्या आत-बाहेर.

मोठ्या वैद्यकीय अभ्यासांतही अशा मधल्या तपासण्या असतात. एचपीटीएन 052 हा एचआयव्हीचा अभ्यास 9 देशांत झाला, त्यात आपल्या भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. 1763 जोडपी, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. साधारण निम्म्या जोडप्यांत बाधिताला औषधं लगेच सुरू केली, बाकीच्यांत प्रतिकारशक्ती घटल्यावर. एप्रिल 2011 मध्ये स्वतंत्र समितीने आकडे पाहिले. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं सिद्ध झालेले 28 जण, त्यातले 27 उशिरा औषधं मिळालेल्या गटातले! निकाल ठरल्या वेळेआधीच जाहीर झाला आणि सगळ्यांना औषधं देऊ केली.

थांबवलं ते बरोबरच. कुणाच्या तरी घरात रोज धोका होता.

पण बातमीत आला तो एकच आकडा, धोका 96 टक्के कमी. खरा अंदाज 73 ते 99 टक्के असा पसरलेला होता, कारण लागणी मोजक्याच. पुढे 2015 पर्यंत पाहिल्यावर 46 लागणींपैकी 3 लगेच औषधवाल्या गटात निघाल्या आणि आकडा 93 वर आला. (दुसऱ्या गटालाही मधे औषधं मिळाली होती, म्हणून सगळी घट लवकर थांबण्यामुळे, असं म्हणता येत नाही.) औषध उत्तमच. तरी आकड्यासोबत त्याचा पसाराही छापायला हवा होता, असं मला वाटतं.

असा फुगवटा दुरुस्त करण्याच्या पद्धती संख्याशास्त्रात आहेत. पण त्यासाठी कधी तपासणार आणि कशावर थांबणार, हे आधीच लिहिलेलं लागतं. आपल्या अहवालात ती ओळ कुठे असते? यंदा मी पहिल्याच पानावर ती लिहिणार आहे, आणि मध्य चाचणीला मुलं कितीही चमकली तरी उत्तर चाचणी घेणारच.